कडुनिंब उकळला, तरी अळ्या जिवंतच

प्रश्न : कूलरच्या टाकीत आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या होतात. कडुनिंबाचा पाला उकळून ते पाणी ओतले. तिसऱ्या दिवशीही अळ्या वळवळत होत्या. काय चुकले? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पाला घेतला तिथेच चुकले. अळ्यांवर काम करणारे अ‍ॅझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या मगजात असते, पाल्यात फार थोडे. आणि उकळल्यावर तेही घटते. शिवाय ते तडकाफडकी मारत नाही. अळीचे कात टाकणे बिघडवते. म्हणून तिसऱ्या दिवशी अळ्या दिसणारच. मोजायचे ते किती डास बाहेर पडले हे.

सावलीत वाळवलेल्या, बुरशी न आलेल्या, याच वर्षीच्या निंबोळ्या घ्या. 50 ग्रॅम भरड पूड 1 लिटर साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, ढवळा, दुहेरी फडक्याने गाळा. हा झाला 5 टक्के अर्क. चोथा पाण्यात गेला तर तो कुजतो आणि अळ्यांना उलट खाऊ मिळतो. पिकावर फवारताना घालतात तो साबण इथे नको. साबणानेही अळ्या मरतात, मग श्रेय कोणाला द्यायचे?

निंबोळीगणिक ताकद बदलते, त्यामुळे मात्रा स्वतः ठरवावी लागते. अळ्या असलेलेच पाणी दोन बरण्यांत 1-1 लिटर घ्या, प्रत्येकीत 25 लहान अळ्या सोडा. एकीत 50 मिली अर्क घाला, दुसरीत काही नको. तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधून दहा दिवस सावलीत ठेवा. साध्या बरणीतून डास निघाले आणि अर्काच्या बरणीतून नाही, तर मात्रा पुरेशी. साध्या बरणीतूनही निघाले नाहीत, तर प्रयोग वाया गेला. स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष घेऊ नका. ते खात नाहीत, त्यांच्यावर अर्काचा भरवसा नाही.

उन्हात अर्क लवकर निकामी होतो, म्हणून आठवड्याला पुन्हा घालावा. पण ताटल्या आणि कूलरसाठी हा खटाटोप कशाला? आठवड्यातून एकदा रिकामे करून कडा घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. अर्क राखून ठेवा झाडाच्या ढोलीसारख्या, उपसता न येणाऱ्या जागांसाठी. पिण्याच्या पाण्यात किंवा गप्पी मासे सोडलेल्या हौदात तो मुळीच नको.

प्रश्न : सीताफळाच्या बियांची पूड चालेल का?

उत्तर : अळ्या मरतात, पण ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. घरी कुटू नका.