वाचकांचे प्रश्न : १९७४ची फियाट एक्स वन-नाइन घ्यावी का?

प्रश्न : म्हापशात १९७४ची फियाट एक्स वन-नाइन ही दोन सीटची स्पोर्ट्स कार विकायला आहे. मालक म्हणतात, ‘इंजिन फियाटचंच, पद्मिनीचा कुठलाही मेकॅनिक सांभाळील.’ पहिल्याच सेल्फला सुरू होते, रंगही नवा आहे. काय तपासू?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : पद्मिनीचं आधी डोक्यातून काढून टाका. पद्मिनी मूळची फियाट ११००. तिचं १०८९ सीसीचं पुशरॉड इंजिन पुढच्या बोनेटखाली असतं. एक्स वन-नाइनचं १२९० सीसीचं इंजिन फियाट १२८च्या घराण्यातलं. ते सीटच्या मागे आडवं बसतं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर असतो आणि रबरी टायमिंग बेल्टवर फिरतो. टॅपेटसुद्धा (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हमधले भाग) स्क्रू फिरवून नव्हे, चकत्या बदलून जुळवावे लागतात. पद्मिनीचे इंजिन पार्ट इथे चालणार नाहीत. मात्र १९७२ ते १९८९ या काळात दीड लाखाहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे युरोप-अमेरिकेतून पार्ट मागवता येतात. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदलल्याशिवाय गाडी पळवू नका. रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं.

इंजिन दुरुस्त करता येतं. ही गाडी बुडवते ती पत्र्यामुळे. वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. वर गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. नवा रंग पाहून उलट जास्त सावध व्हा. फडक्यात गुंडाळलेलं साधं चुंबक घेऊन दाराखालच्या पट्ट्यांवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. मग पुढची डिकी उघडा, बॅटरी काढायला लावा आणि तिच्या खालचा पत्रा बघा; ॲसिडने तो हमखास खाल्लेला असतो. तिथूनच दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनचे मनोरे, म्हणजे स्ट्रटचं (स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचं) वरचं टोक धरणारे पत्र्याचे उंचवटे, दिसतात. स्ट्रटच्या बोल्टभोवती रंगाला फुगे किंवा बारीक चीर असेल, तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. मागचे मनोरेही असेच तपासा. एका सीटमागे पेट्रोलची टाकी आणि दुसऱ्या सीटमागे स्टेपनी असते. स्टेपनी बाहेर काढून त्या खणाच्या तळाशी हात फिरवा. ओल लागली, तर छताच्या रबरातून पाणी येतंय. हे छत काढून पुढच्या डिकीत ठेवता येतं, त्यामुळे त्याची रबरं सतत दबतात आणि घासतात. मनोरे सडले असतील, तर सौदा सोडा; बाकीचा पत्रा बदलता येतो.

पुढचा मुद्दा पाण्याचा. इंजिन मागे, रेडिएटर पुढे. मधले लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. जॅक चुकीच्या जागी लावला की ते चेपतात. मग गाडी गावात ठीक चालते आणि घाट चढताना तापते. म्हणून गाडी रॅम्पवर घेऊन पाइप टोकापासून टोकापर्यंत बघाच. थंड इंजिन सुरू करून वीस मिनिटं उभी चालू ठेवा; तापमानाची सुई नव्वदच्या आसपास गेली की रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे. मालकाने पंखा वेगळ्या बटणावर घेतला असेल, तर का घेतला ते विचारा. कुलंट बदलताना गाडीचं नाक उंच करा, हीटरचा नळ पूर्ण उघडा आणि रेडिएटरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. आत हवा राहिली की सुई खाली दिसते आणि हेड तापतं.

चालवून बघताना गाडी थंड असतानाच दुसरा गिअर टाका. करकर आली, तर सिंक्रो (गिअर आवाज न करता जुळवणारी कडी) झिजलाय. गिअर सापडतच नसतील, तर बहुधा गिअरच्या दांड्यापासून मागे जाणाऱ्या लांब रॉडचे बुश (सांध्यातल्या चकत्या) गेलेत. ते काम स्वस्त.

प्रश्न : याच गाडीच्या कागदपत्रांत काय बघू? व्हिंटेज नोंदणी करून घेऊ का?

उत्तर : चासी आणि इंजिन नंबर स्वतः पेन्सिलीने कागदावर उतरवून आरसीशी ताडा. परदेशातून आलेली गाडी असेल, तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद) मागा. कार्नेवर, म्हणजे ड्यूटी न भरता परत नेण्याच्या हमीवर, आलेली गाडी तात्पुरती आलेली असते, कस्टम सुटल्याशिवाय ती विकता येत नाही. असल्या गाडीला बयाणा देऊ नका. दुसऱ्या राज्यातली असेल, तर एनओसी हवी.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’. पण मग रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. साधी आरसी चालू असेल आणि रविवारी दोना पावलाला फिरायला जायचं असेल, तर तीच राखा, वेळेत नूतनीकरण करा.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहील. पेट्रोलचं काय करावं?

उत्तर : आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. या गाडीत त्या नळ्या गरम इंजिनाजवळून जातात, फुटली तर आग. आधी सगळ्या नळ्या आणि क्लॅम्प इथेनॉल सोसणारे बसवा. जूनच्या आधी कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवून गाडी बंद करा, बॅटरी काढून ठेवा, हँडब्रेक ओढू नका. तिची केबल गंजून अडकते. चाकाखाली लाकडी ठोकळे लावा आणि प्लास्टिकचं आच्छादन घालू नका, आत घाम धरतो. सुती आच्छादन घाला, गाडी ठेवाल त्या शेडचं छत मात्र गळतं नको.