पणजीचं माहेरचं नाव मुलांना सांगा

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय : पाटणची आजी गेल्या वर्षी गेली, तेव्हा जाणं जमलं नाही. आता वर्षश्राद्ध आलंय. मुलांना पणजी म्हणजे फोनवर दिसणारा चेहरा, एवढंच ठाऊक. त्या दिवशी काय करू?

ताई, तिथीचं आधी उरकू. आजी गेली तेव्हा इथे जी तिथी होती तीच धरा. मात्र ती तुमच्या गावी कोणत्या दिवशी दुपारनंतर आहे ते तिथल्या पंचांगात बघा. इथल्या कॅलेंडरप्रमाणे केलंत तर एका दिवसाचा फरक पडू शकतो. गुरुजी मिळाले तर उत्तम, नाहीतर तिच्या आवडीचं करून पान वाढा. जाता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पण फोटोला हार घालून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘पणजी फार प्रेमळ होती, सुगरण होती’ एवढंच ऐकलं तर मुलांच्या मनात तिचं काहीच राहणार नाही. तिची धाकटी बहीण किंवा माहेरचा भाचा हयात असेल, तर त्यांना फोन लावा. पहिला प्रश्न नावाचा. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं नाव लग्नात बदललं. नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं माहेरीच राहिलं. नातवंडांना तर ते कधी कानावरही पडलं नाही. मला याची फार हळहळ वाटते. वीसेक वर्षं जी हाक ऐकून ती धावत आली असेल, ती मुलांच्या तोंडी एकदा तरी यावी.

‘आजीबद्दल काहीतरी सांगा’ म्हटलं की माणसं गप्प होतात. नेमकं विचारा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती कुठे होती? पोरांना उचलून अंगणात कुणी आणलं? त्यानंतर किती रात्री बाहेर झोपली? १९७२च्या दुष्काळात चुलीवर काय शिजलं? खडी फोडायला गेली होती का? तेव्हा रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला चव नव्हती, हे अजून म्हातारी माणसं सांगतात. ती ज्वारी अमेरिकेतून आलेली. तुमची मुलं आज तिथेच वाढतायत, हे त्यांना जरूर सांगा. पणजीची गोष्ट एकदम जवळची वाटेल.

शनिवारी रात्री नऊला फोन लावा. उन्हाळ्यात तेव्हा इथे रविवारची सकाळ साडेसहा असते, म्हातारी माणसं उठलेली असतात. स्पीकर चालू ठेवा, एखादा प्रश्न मुलांनाच विचारू द्या, मराठी मोडकी असली तरी चालेल. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि प्रत इकडच्या चुलत-मावस भावंडांना पाठवा. ‘असं नव्हतं गं, मला आई वेगळंच सांगायची’ असं कुणीतरी हमखास म्हणेल. तेही लिहून ठेवा.