शेठजींना मान होता, मते का नव्हती?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचा पीव्हीसी पाइपचा कारखाना आणि बाजारपेठेत हार्डवेअरचे दुकान आहे. जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीत तो नगराध्यक्षपदासाठी अपक्ष उभा राहिला. ‘कारखाना चालवतो तसे गाव चालवून दाखवीन’ हे त्याचे घोषवाक्य होते. सगळे त्याला जिभाऊ म्हणतात आणि लग्नकार्यात पुढे बसवतात; पण मतमोजणीत तो तिसरा आला, आमच्या दुकानाच्या गल्लीतील केंद्रावरही मागे पडला. ज्या गिऱ्हाइकांनी उघडपणे दुसऱ्याचा प्रचार केला त्यांची उधारी बंद करायची, असे आता तो म्हणतो, तर घरातले म्हणतात की राजकारण पुरे झाले. लोकांनी त्याला का नाकारले आणि पुढे त्याने काय करावे? — एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : आपल्या बंधूंना ओळखणारी माणसे आणि त्यांना मत देऊ शकणारी माणसे हे दोन वेगळे समूह आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे लागेल. पाइपचे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी असते. केळीसाठी किंवा कपाशीसाठी पाइप नेणारा माणूस वीस कोसांवरून आपल्या दुकानी येतो, जिभाऊंना रामराम करतो, चहा घेतो आणि आपल्या गावी परत जातो. त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत असते, नगरपरिषदेच्या नव्हे. कारखान्यातील कामगारांपैकीही बरेच जण आसपासच्या खेड्यांतून येत असतील. बाजारपेठेतील व्यापारी दुकान उघडतो पेठेत, पण राहतो नव्या कॉलनीत, आणि त्याचे मतही तिथेच असते. म्हणून दुकानाच्या गल्लीतील केंद्रावर मते कमी पडली यात मला नवल वाटत नाही. अर्ज भरण्यापूर्वी मतदार यादी आणि उधारीची वही शेजारी ठेवून पाहिली असती, तर हा हिशेब एका संध्याकाळी स्पष्ट झाला असता.

दुसरे कारण निवडणुकीच्या रचनेत आहे. 2016 मध्ये थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडणूक म्हटले की लोकप्रिय माणसाला एकट्याने लढता येईल असे वाटते. प्रत्यक्षात मतदाराला आपल्या प्रभागातील दोन, काही ठिकाणी तीन नगरसेवक आणि नगराध्यक्ष अशी सगळी मते एकाच वेळी द्यावयाची असतात. त्याला घरातून केंद्रापर्यंत आणणारा कार्यकर्ता नगरसेवकपदाच्या उमेदवाराचा असतो आणि तो साहजिकच आपल्या पॅनलची सगळी बटणे समजावून सांगतो. बंधूंनी प्रत्येक प्रभागात आपले उमेदवार दिले नव्हते, असे पत्रावरून दिसते. तसे असेल तर त्यांच्या नावाचे बटण सांगणारा माणूस बहुतेक केंद्रांवर नव्हताच.

त्यातच वेळ अपुरा होता. नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत 6 ऑक्टोबरला निघाली, 4 नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर झाला, 26 नोव्हेंबरला चिन्हे वाटली गेली आणि 2 डिसेंबरला मतदान ठरले होते. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह मतदाराला वर्षानुवर्षे पाठ असते. अपक्षाला आपले चिन्ह घरोघरी पोचवण्यासाठी आठवडाही मिळाला नाही. त्याआधीची सुमारे चार वर्षे बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. पद गेल्यावरही जुने नगरसेवक दाखले, तुंबलेली गटार, न आलेला टँकर यांसाठी लोकांबरोबर पालिकेच्या पायऱ्या चढत राहिले. (सगळेच चढत होते असे नाही, पण जे चढत होते ते कोण, हे मतदाराला नेमके ठाऊक असते.) त्या चार वर्षांत बंधू पालिकेत किती वेळा आणि कोणाच्या कामासाठी गेले होते, हे आपणच त्यांना विचारावे.

आता घोषवाक्याविषयी, कारण माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिथे झाली. कारखान्यात मालकाचा शब्द अखेरचा असतो. नगराध्यक्ष सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद भूषवतो, पण ठराव बहुमताने होतात. प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हाती असते आणि तो राज्य शासनाचा अधिकारी असतो. मोठ्या योजनांचा पैसाही बव्हंशी शासनाच्या अनुदानातून येतो. पाणीपुरवठ्याची योजना अडली, तर ती तांत्रिक मंजुरी, निविदा आणि मंत्रालयातील पाठपुरावा यांतून सुटते. सभागृहात एकही नगरसेवक नसलेला नगराध्यक्ष गाव कारखान्यासारखे चालवणार कसा, हा प्रश्न मतदाराने विचारला नसेल, पण त्याला तो पडला असणार. शिवाय ज्याने आयुष्यभर मजुरी केली आहे त्याला ‘कारखाना चालवतो तसे’ या शब्दांत शिस्तीपेक्षा मालकी अधिक ऐकू येते.

पाइपचा कारखानदार आणि पाण्याची योजना हे शब्द एकत्र आले की गावात कुजबुज होणारच. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमातील कलम 16 नुसार नगरपरिषदेच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा, पत्नीचा अथवा भागीदाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणारी व्यक्ती अपात्र ठरू शकते. या नियमाला काही अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्यावेत. पण ‘माझ्या कारखान्याचा एकही पाइप पालिकेला जाणार नाही’ असे पहिल्याच सभेत जाहीर केले असते, तर विरोधकांच्या हातून एक विषय निघून गेला असता.

उद्योजकाला खान्देशातील मतदार स्वीकारतच नाही, असे मात्र समजू नये. शिरपूरचे अमरीश पटेल उद्योजकच आहेत. नगराध्यक्षपदापासून सुरुवात करून ते 1990 ते 2009 या काळात शिरपूरचे आमदार राहिले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, पण त्यांच्यामागे शिक्षणसंस्थांचे जाळे आणि नगरपालिकेतील स्वतःचा गट होता.

उधारी बंद करण्याचा विचार मात्र आजच सोडून द्यावा. ज्याची उधारी बंद होईल तो वसुलीही देणार नाही, आणि जिभाऊंनी इतकी वर्षे दिलेली सवलत मतांसाठीच होती, असे तो चार जणांना सांगेल. मत गुप्त असते. प्रचार करणाऱ्यानेही शेवटी कोणते बटण दाबले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. धंद्याच्या नियमाने ज्याची उधारी बंद व्हायला हवी त्याचीच बंद करावी.

पुढे उभे राहायचे असल्यास थेट नगराध्यक्षपदावर डोळा ठेवू नये. ते पद पुढील वेळी महिलांसाठी, मागासवर्गीयांसाठी की सर्वसाधारण, हे सोडतीने ठरेल आणि पाच वर्षांची तयारी एका चिठ्ठीत संपू शकेल. राहत्या प्रभागातून नगरसेवकपदाची तयारी करणे अधिक शहाणपणाचे आहे. तोवर पालिकेच्या अर्थसंकल्पाची प्रत मागवून वाचावी; घरातल्यांचाही त्याला विरोध नसावा.

प्रश्न : नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी पराभूत झालो. हरलेल्या उमेदवारालाही खर्चाचा हिशेब द्यावा लागतो का? पत्रके, गाड्या आणि मंडप यांचा काही खर्च माझ्या फर्मच्या खात्यातून झाला आहे. — एक व्यापारी, धुळे जिल्हा

उत्तर : द्यावा लागतो. निकालापासून 30 दिवसांत हिशेब सादर न केल्यास राज्य निवडणूक आयोग उमेदवाराला अपात्र ठरवू शकतो आणि मग पुढची निवडणूक अर्ज भरण्याआधीच हातून जाऊ शकते. 2025 च्या निवडणुकीत नगराध्यक्षपदासाठी खर्चाची मर्यादा अ वर्ग नगरपरिषदेत 15 लाख, ब वर्गात 11 लाख 25 हजार आणि क वर्गात 7 लाख 50 हजार रुपये होती. फर्मने केलेला खर्चही आपल्याच प्रचाराचा असल्याने तो या हिशेबात दाखवावा. फर्मच्या वहीत तो जाहिरात खर्च म्हणून टाकण्याचा मोह टाळावा, कारण तो धंद्यासाठी केलेला खर्च नाही आणि आयकरात त्याची वजावट मागता येणार नाही. ती रक्कम मालकाच्या उचल खात्यात टाकण्यास आपल्या सीएंना सांगावे.

प्रश्न : जळगाव शहरात माझी डाळ मिल आहे. नगराध्यक्षाप्रमाणे महापौरपदासाठीही थेट अर्ज भरता येतो का? — एक उद्योजक, जळगाव

उत्तर : येत नाही. महानगरपालिकेत महापौर नगरसेवकांमधून आणि नगरसेवकांच्या मतांनी, अडीच वर्षांसाठी निवडला जातो. त्यामुळे प्रथम प्रभागातून निवडून येणे, नंतर आरक्षण अनुकूल निघणे आणि मग सभागृहात बहुमत जुळणे, असे तीन टप्पे आहेत. तिसरा टप्पाही गृहीत धरता येत नाही. आपल्याच शहरात 2018 मध्ये 75 पैकी 57 जागा जिंकलेल्या भारतीय जनता पक्षाचे अनेक नगरसेवक फुटले आणि मार्च 2021 मध्ये शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. डाळ मिलच्या मालकाने ‘महापौरपदाचा उमेदवार’ असे फलक लावण्यापूर्वी आपले नाव कोणत्या प्रभागाच्या यादीत आहे, ते पाहून घ्यावे.