पुन्हा पुन्हा येणारी रांजणवाडी, आईचे डोळ्यांचे थेंब आणि विहिरीचं तांबूस पाणी

पाऊस ओसरला, भातकापणी तोंडावर आली. या अंकात डोळ्यांचे चार प्रश्न आणि घरातले तीन घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण तोच त्रास वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी कळवला आहे.

प्रश्न : वय ३८, शाळेत शिक्षिका आहे. दोन्ही पापण्यांच्या कडा लाल असतात, सकाळी केसांच्या मुळाशी पांढरा कोंडा दिसतो, डोळे चुरचुरतात. सहा महिन्यांत तिसरी रांजणवाडी आली. थेंब घातले की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. – एक वाचक, गुहागर

ताई, हा पापण्यांच्या कडांचा दाह आहे असं लक्षणांवरून दिसतं. डॉक्टर त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. एकदा नेत्रतज्ज्ञांकडून यंत्राखाली कडा तपासून घ्या, म्हणजे खात्री होईल. थेंबांनी तो का जात नाही, ते आधी समजून घेतलं तर पुढची मेहनत नेटाने होते.

वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या अगदी मागे, कडेवर उघडतात. निरोगी डोळ्यात हे तेल गोडेतेलासारखं पातळ असतं आणि अश्रूंवर पसरून त्यांना लवकर सुकू देत नाही. तुमच्यासारख्या त्रासात ते थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतं. तोंड बुजतं, मागे तेल साचतं, जंतूंना आयतं खाद्य मिळतं आणि गाठ येते. जंतू मारणारा थेंब जंतू मारतो, पण थिजलेलं तेल वितळवत नाही. म्हणून थेंब थांबले की रांजणवाडी परत येते.

तेव्हा मुख्य उपाय शेकाचा. सकाळी आणि रात्री, हात साबणाने धुऊन, मऊ धुवट सुती कापडाची चौघडी करा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सुखाने सोसेल इतकंच गरम हवं. कापड बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. ते मिनिट-दोन मिनिटांत निवतं, तेव्हा पुन्हा बुडवा. असं एकूण ८ ते १० मिनिटं चालू द्या. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: एकदाच कापड ठेवतात, ते निवलं की शेक झाला असं समजतात. तेवढ्यात तेल सैलही होत नाही.

शेक झाल्याबरोबर, तेल पुन्हा थिजायच्या आत, मालिश. डोळा मिटून बोटाच्या पेराने वरची पापणी भुवईकडून खाली केसांकडे आणि खालची पापणी गालाकडून वर केसांकडे, पाच-सहा वेळा हलकी निरपा. दाब पापणीवर हवा, बुबुळावर नको. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा काचबिंदू असेल तर मालिश डॉक्टरांना विचारूनच करावी.

मग कडा पुसा. उकळून कोमट केलेल्या अर्धा कप पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे तीन-चार थेंब टाका. त्यात कापसाची काडी भिजवून केसांच्या मुळांवरून आडवी फिरवा आणि साध्या पाण्याने पुसून घ्या. प्रत्येक डोळ्याला वेगळी काडी हवी. काहींना शाम्पूने डोळे कोरडे पडतात. चुरचुर वाढली तर नुसतं उकळून निववलेलं पाणी वापरा, किंवा औषधाच्या दुकानात पापण्या पुसायचे तयार रुमाल मिळतात ते घ्या.

पहिले सहा आठवडे हे दिवसातून दोनदा, त्यानंतर रोज एकदा, दात घासतो तसं. महिन्याने बरं वाटलं म्हणून सोडलं की तीन-चार आठवड्यांत कडा पुन्हा लाल होतात.

काजळ काही महिने बंद. ते पापणीच्या आतल्या कडेला रेखतात आणि ग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात. घरी धरलेल्या काजळानेही तेच होतं. डोक्यात कोंडा असेल तर त्याचं औषधी शाम्पूने निराकरण करा, नाहीतर तोच कोंडा भुवयांवर आणि पापण्यांवर उतरत राहतो. रक्तातली साखर तपासून घ्या. वारंवार रांजणवाडी येणाऱ्यांत मधुमेह निघण्याची शक्यता असते.

लवंग उगाळून लावू नका. लवंगेचं तेल नाजूक कातडी भाजतं, आणि कण डोळ्यात गेला तर बुबुळही. गाठ पिळूही नका. गाठ पुन्हा पुन्हा एकाच जागी येत असेल आणि तिथले केस गळत असतील, तर ती काढून तपासायला पाठवायला सांगा. उतारवयात हे विशेष जपावं. पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मी मुंबईत, आई (७२) गावी एकटी. काचबिंदूच्या तीन बाटल्या आहेत. हात थरथरतो, थेंब गालावर जातो, बाटल्या ओळखू येत नाहीत. त्यात दिवसदिवस वीज नसते. – एक वाचक, मूळ गाव देवगड तालुका

आईंना उभ्याने किंवा आरशात बघून थेंब घालायला लावू नका. खाटेवर उशीशिवाय उताणं झोपायचं, हाताची टाच कपाळावर टेकवायची, म्हणजे थरथर कमी होते. डोळा मिटूनच नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत घरंगळतो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. त्यानंतर दोन मिनिटं डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. हे दाबणं टाळू नका. तिथल्या बारीक नळीतून औषध नाकात आणि तिथून रक्तात जातं. काचबिंदूचे काही थेंब, विशेषतः टिमोलॉल, नाडी मंदावतात आणि दमेकऱ्याचा दमा वाढवतात. आईंना दमा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं अंतर. डोळ्यात जेमतेम एका थेंबापुरती जागा असते. लगेच दुसरा घातला की पहिला वाहून जातो.

बाटल्या हाताला ओळखू येतील अशा करा. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन, दोन्ही वेळच्या बाटलीला सुतळीचा वेढा. फोडल्याची तारीख खोक्यावर जाड पेनने लिहा. बहुतेक थेंब फोडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात. लॅटानोप्रोस्ट नावाचा काचबिंदूचा थेंब सहा आठवडे चालतो, पण न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये हवी. वीज गेली की फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज चारेक तास गार राहतो. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाची पिशवी आणि वर कापडात गुंडाळलेली बाटली ठेवा. बाटली बर्फाला टेकली तर औषध गोठून बाद होतं. जाता जाता एक फायदा: गार थेंब डोळ्यात पडला की समजतो, तेव्हा पडला की नाही या शंकेने दुसरा घालावा लागत नाही.

झटपट चिकटवण्याच्या गोंदाची ट्यूब, कानाचे थेंब आणि चुन्याची डबी थेंबांच्या बाटल्या ठेवता त्या फळीवर अजिबात नकोत. चुना डोळ्यात गेला तर निदान अर्धा तास वाहत्या पाण्याने धुणं हाच पहिला उपाय, गाडी बोलावणं त्यानंतर.

काचबिंदूत कडेचं दिसणं आधी जातं, म्हणून माणूस उंबरठ्याला अडखळतो. पडवीची पायरी, उंबरठा आणि न्हाणीची कड यांवर दोन इंच रुंद पिवळा पट्टा रंगवून घ्या. वाटेत वीज गेल्यावर आपोआप लागणारा बल्ब बसवा. डोळा दुखत नाही म्हणून थेंब बंद करू नयेत, हे आईंना पुन्हा पुन्हा सांगत राहा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

प्रश्न : भात कापताना पातं डोळ्याला लागलं. दुकानातून थेंब आणले, लाली उतरली, पण चार दिवसांनी दुखणं वाढलं आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. – एक शेतकरी, लांजा

आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा, हे उत्तर वाचून झाल्यावर लगेच. भाताच्या पात्याने किंवा कुसळाने बुबुळाला ओरखडा गेला की त्यातून बुरशी आत शिरते, आणि पांढरा ठिपका तिचा असू शकतो. दुकानातल्या थेंबांत अनेकदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली जाते, दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट वाढते. ती बाटली बंद करा, पण सोबत न्या. काय घातलं ते डॉक्टरांना कळायला हवं. तपासणीत बुबुळावरून खरवडून नमुना घेतात, आणि बुरशी निघाली तर नॅटामायसिनसारखे थेंब सुरुवातीला तासातासाला, आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. अंगावरचं दूध, मध, गुलाबपाणी यातलं काहीही घालू नका. पुढच्या कापणीला आणि झोडणीला साधा प्लास्टिकचा बंद चष्मा लावा.

प्रश्न : मासेमारी करतो. नाकाकडून डोळ्यात मांस वाढत चाललंय. कापावंच लागेल का? – एक वाचक, हर्णै

नेहमीच नाही. ऊन, पाण्यावरून परतणारं ऊन, वारा आणि खारं पाणी यांनी पांढऱ्या भागावरचा पडदा जाड होऊन बुबुळावर सरकतो. लाली आणि खुपणं एवढंच असेल तर डोळे ओले ठेवणारे थेंब, रुंद काठाची टोपी आणि कडेनेही झाकणारा अतिनील किरण अडवणारा चष्मा यांवर भागतं. ते बाहुलीकडे सरकू लागलं किंवा त्याच्या ओढीने चष्म्याचा आडवा नंबर वाढला, तर काढावं. तेव्हा डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: काढलेल्या जागी माझ्याच डोळ्याचा पडदा लावणार ना? तसा तुकडा लावला तर मांस परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. नुसतं कापून मोकळं सोडलं तर ते पुन्हा वाढण्याची भीती मोठी. शस्त्रक्रियेनंतर बोटीवर कधी जायचं ते डॉक्टर सांगतील, त्याआधी जाऊ नका.

प्रश्न : विहिरीचं पाणी काढताना स्वच्छ, रात्रभरात तांबूस. पांढरे कपडे पिवळे पडतात. ब्लीचिंग घातलं तर डाग आणखी गडद. – एक वाचक, संगमेश्वर

जांभ्याच्या मुलखात पाण्यात लोह उतरणं नवल नाही. जमिनीखाली ते विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो. ब्लीचिंग पावडर हेच काम झटक्यात करते, आणि गंज धाग्यात पक्का बसतो. तुमचे डाग गडद झाले ते म्हणूनच. घरच्या घरी खात्री करायची तर त्या पाण्याचा कोरा चहा करून पाहा. लोह असेल तर रंग लालसर न येता शाईसारखा काळपट येतो.

डागांना आंबट लागतं. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा, पांढरा सुती कपडा अर्धा तास भिजवा आणि भरपूर पाण्यात खळबळून काढा. रंगीत कपड्याची आधी आतली शिवण भिजवून बघा. रेशीम, लोकर नको. लिंबूसत्त्व आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

पाण्यासाठी मोठा खर्च करण्याआधी एक करून बघा. टाकीत पडणाऱ्या नळाच्या तोंडाला भोकाभोकांचा झारा लावा आणि पाणी फूट-दीड फूट उंचावरून पडू द्या. रात्रभर निवळू द्या आणि वापरायची तोटी टाकीच्या तळापासून निदान सहा इंच वर घ्या. गाळ तळाशी बसतो. महिन्याने तळ उपसून धुवा. झाऱ्याची भोकं गंजाने बुजतात, तीही साफ करा. तेवढ्याने भागलं नाही तर पाणी तपासून लोह काढणारी गाळणी घ्यावी, आणि ती उलट्या पाण्याने धुता येईल अशीच घ्यावी.

प्रश्न : कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. कापूर ठेवूनही फरक नाही. – एक वाचक, मालवण

कापूर कीड पळवतो, ओल शोषत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं असेल तर आधी चार बोटं पुढे ओढा; मागे हवा खेळली नाही तर भिंतीची ओल कपाटाच्या पाठीत उतरते. खळ काढून टाकल्याशिवाय साड्या ठेवू नका, बुरशी खळीवरच पोसते. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराईडच्या डब्या मिळतात. त्यात पाणी साचतं आणि ते खारट असतं, म्हणून डबी सर्वांत खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. जरीची साडी मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी तिला टेकू देऊ नका.

आलेली बुरशी कोरड्या ब्रशने झाडली तर ती घरभर उडते आणि डोळे-नाक खाजतं. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने पुसा, तोंडाला रुमाल बांधा. मुलांचे डोळे खाजत असतील तर चोळू देऊ नका, गार पाण्याची पट्टी ठेवा. सतत चोळण्याने बुबुळाचा आकारही बिघडू शकतो. आता ऑक्टोबरच्या उन्हात कपाट रिकामं करून दारं सताड उघडी टाका. सुती कपडे उन्हात, रेशीम सावलीत.

प्रश्न : पावसाळ्यात दार फुगून अडकतं. रंधा मारून घ्यावा का? – एक वाचक, वेंगुर्ले

आत्ता नको. ओल्या दाराला रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडते. तोवर जिथे घासतं तिथे मेणबत्ती चोळा. डिसेंबरात दार पूर्ण सुकलं की उतरवा आणि वरची-खालची कड बघा. रंगारी बहुधा त्या कडा कोऱ्याच सोडतात आणि पाणी तिथूनच लाकडात चढतं. त्या दोन्ही कडांना प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात द्या. बिजागऱ्या लोखंडी असतील तर त्याच वेळी पितळी घाला, स्क्रूसुद्धा पितळीच. पितळी बिजागरीत लोखंडी स्क्रू टाकला तर खाऱ्या हवेत तो आधी गंजतो आणि दार लोंबतं.