पुण्याहून हिवाळ्यात किनाऱ्यावरचे पक्षी बघायला कुठे आणि कधी जावं? मोठा कॅमेरा लागतोच का?

अलिबागजवळचं आक्षी. पण जागेपेक्षा दिवस नीट निवडा, आणि तो रविवार बघून नाही, तिथी बघून.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा, द्वादशीला नऊ. ओहोटीला पाणी दूर हटतं, त्याच्या कडेने चरणारे पक्षीही दूर जातात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच थवे आपल्या बाजूला सरकतात. म्हणून द्वादशी किंवा त्रयोदशी, शुद्ध असो की वद्य, मी सोडत नाही. सूर्योदयाला भरती चढत असते, आणि आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे ऊन पाठीमागून येऊन पक्ष्यांवर पडतं. संध्याकाळी सगळे पक्षी काळेच दिसतात! पुण्यातून निघून पहाट गाठणं अवघड, आदल्या रात्री मुक्कामालाच जा.

कुरव (गल), सुरय (टर्न), चिखल्या (प्लोव्हर) भरपूर दिसतील. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत पांढरं असतं, डोळ्यामागे तेवढा गडद ठिपका. तपकिरी टोपी परतीच्या दिवसांत चढते. लांब लालभडक चोचीचा काळा-पांढरा कालवफोड्या दिसला तर तिथेच थांबा. आणि सँडरलिंग! लाट ओसरली की तिच्यामागे धावत वाळूत चोच खुपसायची, पुढची आली की पळत सुटायचं. हा इवलासा पक्षी पार आर्क्टिकमधून येतो, मला त्याचं अजून नवल वाटतं.

म्हणूनच कळकळीने सांगते, उडतानाच्या फोटोसाठी थव्यावर धावून जाऊ नका. परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते, आणि दर उड्डाणात ती खर्च होते. भरतीला तर त्यांना टेकायला वाळूची चिंचोळी पट्टीच उरते. थोडं लांब, वाळूत बसून राहा. पक्षी आपणहून जवळ येतात.

कॅमेरा नसला तरी चालेल, ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण मात्र हवी. जाण्याआधी एक-दोन सकाळी लोणी काळभोरजवळ नदीकाठच्या कवडीपाटला जाऊन या. तिथे शेकाट्या आणि तुतवार हे पाणथळीतले पक्षी जवळून दिसतात. पायांचा रंग, चोचीची लांबी बघायची सवय तिथेच लागते, आणि किनाऱ्यावर सगळी ओळख त्यावरच चालते.