डॉल्मेन बघायचेत? आधी दगड बघ की

भावा, मॅप घेऊन थेट डॉल्मेन, म्हणजे उभ्या दगडी फळ्यांवर आडवी फळी ठेवून केलेली जुनी थडगी, शोधत सुटू नकोस. जिथं सपाट फळ्या निघतात तिथंच ती सापडायची. आपल्या बेळगावकडं बसाल्ट आणि जांभा, त्याच्या सपाट फळ्या सहज निघत नाहीत, पण गोकाककडं गेलास की वालुकाश्म लागतो, थरावर थर, पहार घातली की फरशीसारखा सुटतो. ऐहोळेला मेगुती टेकडीवर देवळाच्या मागंच डॉल्मेन आहेत, खाण पायाखालीच ना! फळीची कड हातानं चाचप, थराची रेघ बोटाला लागते. कोप्पळजवळ हिरेबेणकलच्या डॉल्मेनना ग्रॅनाइट, त्याचे पापुद्रे सुटतात. नागपूरकडं जुनापाणीला मात्र ट्रॅपच्या, म्हणजे बसाल्टच्याच, धोंड्यांची वर्तुळं. पण जागा निवडण्याचं सगळंच कारण दगडावर ढकलू नकोस, हिरेबेणकलला डोंगरावर पाण्याचं तळंही आहे. आणि बूट घाल, मी मे महिन्यात चप्पल घालून गेलेलो, तळवे भाजले.