गल्लीतलं बाकडं काढायचं का?

प्रश्न : ताई, आम्ही माटुंगा पूर्वेला राहतो, आमची बिल्डिंग १९६२ची. गल्लीच्या टोकाला कॉलेज आहे, त्यामुळे गेटजवळच्या बाकड्यावर दिवसभर पोरापोरींचा घोळका, समोर बाइका लावलेल्या, गाडी बाहेर काढायची तर हाका मारायच्या. आता मीटिंगमध्ये बाकडं काढून टाकायचा ठराव येतोय. सही करू का?

उत्तर : काकू, बाइकांचा त्रास खरा आहे, तो सोसत बसू नका. सोसायटीच्या लेटरहेडवर प्रिन्सिपलना पत्र द्या, सोबत फोटो जोडा, आणि तरीही गेट अडवलं तर ट्रॅफिक पोलिसांना कळवा. पण बाकड्याच्या ठरावावर सही नका करू हो, अगदी मनापासून सांगते.

दुपारी एकदा खाली उतरून बघा. एका डब्यातली पोळीभाजी तिघं खात असतात आणि चौथी मांडीवर जर्नल घेऊन डायग्राम पुरी करत असते. कुणी कर्जतहून येतं कुणी विरारहून, सकाळचं लेक्चर अकराला संपलं आणि प्रॅक्टिकल दीडला असलं की घरी जाऊन परत येणं शक्यच नाही, कॅन्टीन भरलेलं, हॉटेलात एका कटिंगवर दोन तास कोण बसू देणार, मग पोरांनी जायचं कुठे? आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांना मोठा कॅम्पस नाहीच, गल्ली हाच त्यांचा कॅम्पस.

आणि ही पोरं काही आता नव्यानं आलेली नाहीत. व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज १९२३ला भायखळ्याहून माटुंग्यात आलं, केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारं आत्ताचं आयसीटी १९३३चं, रुइया कॉलेज १९३७चं, पोदार कॉलेज १९४१चं. म्हणजे तुमच्या बिल्डिंगचा पाया खणला तेव्हाही इथं विद्यार्थी होतेच, आणि इथली झेरॉक्सची दुकानं, मेस, पेइंग गेस्ट ठेवणारी घरं त्यांच्यावरच तर चालतात.

मला विचाराल तर ओळख करून घ्या, आणि त्यासाठी कामासारखं दुसरं काही नाही. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास समाजसेवेचं काम करायचं असतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये पेन्शनवाले असतीलच, नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावणारे. तो दाखला आता मोबाइलवर चेहरा स्कॅन करून घरबसल्या देता येतो, फक्त दोन अ‍ॅप टाकावी लागतात, तिथंच आपली ज्येष्ठ मंडळी अडतात आणि पोरांना ते पटकन जमतं. कॉलेजमध्ये एनएसएसचे प्रोग्रॅम ऑफिसर असतात, त्यांना दिवाळीच्या सुट्टीआधीच भेटा आणि एखादा रविवार ठरवून घ्या. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर), पासबुक, आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल सगळ्यांनी जवळ ठेवायचा. ओटीपी आला की ज्याचा त्यानं स्वतः टाकायचा, आणि बँकेचा पिन कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नाही, हे आधीच नोटीस बोर्डावर लावा.